वाट चुकलेल्या पेशी

गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, हगवण या बालरोगांविषयी आपण वेळोवेळी ऐकत आला आहात. आज मी ज्या दुखण्याविषयी बोलणार आहे, त्याचे नाव मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेले नसेल. जननपेशींपासून उद्भवणारी अर्बुदे, म्हणजेच गाठी, हा तो विषय. पंधरा वर्षांखालील मुलांना होणारे शंभर कर्करोग घेतले, तर त्यांत या गाठींचा वाटा सुमारे तीन एवढाच भरतो. मुळात बालकांचा कर्करोगच विरळा. त्यात हा प्रकार अधिकच विरळा. मग अशा दुखण्यासाठी आपला वेळ मी का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हे दुखणे विरळा असले तरी बरे होणाऱ्या कर्करोगांत त्याची गणना फार वर होते. असे असूनही त्याने मुले दगावतात. आणि ती पुष्कळदा औषध नाही म्हणून नव्हे, तर गाठ उशिरा ओळखली गेली किंवा उपचार मध्येच सुटला म्हणून.

मी वैद्य नव्हे. हैदराबादेतील एका मराठी शाळेत खालच्या वर्गांना शिकवणारी मी शिक्षिका आहे, आणि माझे स्वतःचे शिक्षणही इंटरमीजिएटच्या पुढे गेलेले नाही. या विषयाशी माझा संबंध आला तो एका लहान मुलीमुळे. जे काही मला समजले, ते तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी धीराने समजावून सांगितल्यामुळे आणि पुढे मी स्वतः वाचल्यामुळे समजले. तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

आमच्या शाळेत एक वयस्क शिपाई आहेत. सारी शाळा त्यांना मामा म्हणते. त्यांचे मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या बाजूला. मुलगीही तिकडेच दिलेली. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मामा घंटा द्यावयाचे विसरले. असे कधी होत नसे, म्हणून मी चौकशी केली. तेव्हा ते म्हणाले, “बाई, नातीला घेऊन जावई रात्री आलेत. पोरीच्या माकडहाडापाशी गाठ आहे. तिकडे चिरा दिला, पण ती बसत नाही.”

मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. हकीकत अशी की, ती आठ महिन्यांची असताना आईला तिच्या पाठीच्या अगदी खालच्या टोकाशी बोराएवढा फुगवटा दिसला होता. घरातील वडीलधाऱ्यांनी ते गळू ठरवले. हळदीचे पोटीस झाले, कोणाकोणाचे लेप झाले. बोराचे लिंबू झाले. पुढे एका ठिकाणी गळू समजूनच त्याला चिरा देण्यात आला. आतून पू निघाला नाही, रक्त तेवढे आले, आणि जखम काही भरेना. मुलीला शौचाला अतिशय त्रास होऊ लागला. त्यावर रेचक देण्यात आले. गाठ माकडहाडाच्या पुढे, गुदमार्गाच्या मागच्या बाजूला आत वाढत होती आणि मार्गच दाबून टाकीत होती, हे कोणाच्या ध्यानात यावे? अशा रीतीने एका कोवळ्या जीवाचे दहा महिने निघून गेले.

मराठवाड्यातील माणसाला दुखण्यात हैदराबादची वाट नवी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. राज्ये वेगळी झाली, तरी सीमेवरच्या तालुक्यांतून माणसे आजही उपचारांसाठी याच शहराकडे येतात. लकडी-का-पूल आणि रेड हिल्स या भागांत दोन मोठी सरकारी रुग्णालये एकमेकांपासून फार दूर नाहीत. एक निलोफर रुग्णालय. शेवटच्या निजामांच्या स्नुषा निलोफर यांची एक दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय काढण्याचा संकल्प त्यांनी केला, आणि १९५३ साली ते उभे राहिले. दुसरी संस्था कर्करोगाची. मेहदी नवाज जंग यांच्या प्रयत्नांनी १९५५ साली ती सुरू झाली व पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. हे गृहस्थ पुढे १९६० साली गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. त्यांची राज्यपालपदाची कारकीर्द आज थोड्यांच्याच स्मरणात असेल. परंतु हैदराबादेत रिक्षावाल्याला नुसते ‘एम. एन. जे.’ म्हटले की तो कोठे जावयाचे ते ओळखतो, आणि पुष्कळदा मागे वळून रुग्ण कोण आहे हेही पाहतो.

मामांच्या नातीवर शहरातील एका सरकारी रुग्णालयात उपचार सुरू झाले. गाठ कशाची आहे हे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मुलीच्या आईने विचारलेला पहिला प्रश्न माझ्या मनात अजून घर करून आहे. तिने विचारले, “पोटुशी असताना मी ग्रहण पाहिले होते, त्यामुळे तर हे झाले नाही ना?” डॉक्टरांनी तिला सांगितले की, यात ग्रहणाचा दोष नाही, तुझ्या खाण्यापिण्याचा नाही, कोणाच्या दृष्टीचाही नाही. मग हे होते कसे? त्यासाठी थोडे मागे, गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांपर्यंत जावे लागेल.

मनुष्याच्या शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. कातडीची पेशी कातडी घडवते, हाडाची हाड घडवते. परंतु पुढील पिढीचे बीज ज्यांच्यापासून तयार व्हावयाचे, त्या जननपेशी वेगळ्या. त्यांच्या अंगी शरीरातील कोणताही भाग घडवण्याची शक्ती सुप्त असते. नवल असे की, त्यांचा उगम वृषणात किंवा बीजांडकोशात होत नाही. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना त्या गर्भाबाहेरील एका पिशवीच्या भिंतीत दिसू लागतात. या पिशवीला पीतककोश म्हणतात. तेथून त्या आतड्याच्या कडेकडेने सरकत सरकत, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास, वृषण किंवा बीजांडकोश जेथे व्हावयाचे त्या जागी पोचतात. हा सारा प्रवास शरीराच्या मध्यरेषेच्या आसपास होतो. इतक्या पेशी एवढी वाट चालतात, त्यांत काही वाटेतच राहून जातात. त्यांतील बहुतेक आपोआप नाहीशा होतात. क्वचित एखादी टिकते आणि नको त्या जागी वाढू लागते. म्हणूनच या गाठी वृषणात व बीजांडकोशात तर होतातच, पण माकडहाडापाशी, पोटाच्या मागील भागात, छातीच्या मध्यभागी, आणि मेंदूच्या मधोमधही होतात. नकाशावर या जागा एकमेकींपासून दूर वाटल्या, तरी त्या पेशींच्या वाटेवरचीच ती ठाणी आहेत.

या गाठींपैकी पुष्कळ निरुपद्रवी असतात. त्यांना टेराटोमा असे नाव आहे. अशी गाठ उघडली असता आत केस, चरबी, हाडाचा तुकडा, प्रसंगी दातसुद्धा आढळतो. पूर्वी असे काही दिसले की, लोक त्याला करणी म्हणत, किंवा पोटात जुळे राहिले असे म्हणत. वस्तुतः कोणताही अवयव घडवू शकणाऱ्या पेशीने चुकीच्या जागी आपले काम केले, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा प्रकार घातक. लहान मुलांत तो बहुधा पीतककोशाच्या धाटणीचा असतो. डेन्मार्कचे विकृतिशास्त्रज्ञ गुन्नार टायलुम यांनी त्याची ओळख १९५९ साली स्पष्ट केली. हा जलद वाढतो आणि फुप्फुसे, यकृत, हाडे यांकडे पसरू शकतो.

निरुपद्रवी गाठ निरुपद्रवीच राहील, अशी खात्री मात्र कोणी देऊ नये. माकडहाडापाशी होणारी गाठ सुमारे पस्तीस ते चाळीस हजार जन्मांत एका बालकाला होते, आणि मुलांपेक्षा मुलींत ती तिपटी-चौपटीने अधिक आढळते. अमेरिकेतील बालशल्यचिकित्सकांनी अशा शेकडो बालकांच्या नोंदी एकत्र केल्या व १९७४ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत असे दिसले की, दोन महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकांत घातक गाठीचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी होते; त्यानंतर निदान झालेल्यांत ते जवळजवळ निम्म्यावर किंवा त्याच्याही वर गेले होते. ‘मूल जरा मोठे होऊ द्या, मग पाहू’ हा सल्ला इतर अनेक बाबतींत शहाणपणाचा असेल. येथे तो घातक आहे.

तेव्हा घरच्या माणसांनी काय पाहावे? लहान मुलाला न्हाऊ घालणे हे आपल्याकडे रोजचे काम आहे, आणि तपासणीची याहून चांगली वेळ नाही. पाठीच्या कण्याच्या शेवटी, ढुंगणाच्या दोहों बाजूंस, फुगवटा आहे काय? दोन्ही बाजू सारख्या आहेत काय? मुलग्याच्या अंडकोशात एका बाजूला दगडासारखा कठीण, न दुखणारा गोळा लागतो काय? बाळाच्या अंडकोशात पाणी साचणे किंवा अंतर्गळ उतरणे या गोष्टी नेहमीच्याच आहेत; परंतु सूज पाण्याची आहे की गाठीची, हे आजीने ठरवावयाचे नसून डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. मुलीचे पोट एका बाजूने वाढते आहे काय, ते वारंवार दुखते काय? नेहमी नीट शौचाला होणाऱ्या मुलाला अकारण मलावरोध जडला, लघवी अडू लागली, किंवा पाय लुळे वाटू लागले काय? छातीतील गाठीमुळे खोकला व धाप लागते. मेंदूतील गाठ किंचित मोठ्या मुलांत आढळते. तिच्यामुळे डोके दुखते, वांत्या होतात, दृष्टी बिघडते, आणि कधी कधी मूल तांब्यामागून तांब्या पाणी पिते व रात्रभर लघवीला उठते. यांतील प्रत्येक लक्षणामागे गाठच असेल असे मुळीच नाही. बहुतेक वेळा ती नसतेच. पण लक्षण चार-आठ दिवसांत हटले नाही, तर मुलाला दाखवणे हे आपले काम.

आणि काय करू नये, तेही सांगते. गाठीवर शेक देऊ नये, ती चोळू नये, पिळू नये. गळू आहे अशी खात्री झाल्याविना तिला चिरा देऊ नये, सुईने पाणी काढू नये. अंडकोशातील संशयित गाठीला तर वरून सुई टोचणेही शल्यचिकित्सक कटाक्षाने टाळतात. ती काढावयाची झाल्यास जांघेतून छेद घेऊन, रक्तवाहिन्यांची दोरी आधी बांधून, संपूर्ण वृषणासह बाहेर काढतात. कारण वरून टोचल्यास घातक पेशी आजूबाजूला सांडण्याचा धोका असतो.

निदानाची पहिली पायरी साधी आहे. डॉक्टर बालकाला हाताने तपासतात. माकडहाडाची काही अर्बुदे बाहेरून मुळीच दिसत नाहीत. ती केवळ गुदमार्गात हलकेच बोट घालून तपासल्यासच कळतात. ही तपासणी पाहून आईबापांना संकोच वाटतो, पण तिला अडवू नये. त्यानंतर सोनोग्राफी, आणि गरजेप्रमाणे सी. टी. किंवा एम. आर. आय. पुष्कळदा गर्भारपणाच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच माकडहाडाची मोठी गाठ दिसते. तसे झाल्यास बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या मोठ्या रुग्णालयात करावयाचे, एवढी व्यवस्था आधीच करता येते.

परंतु या दुखण्याच्या निदानात खरी मोलाची आहे ती रक्ताची एक परीक्षा. अल्फा-फीटोप्रोटीन नावाचे एक प्रथिन गर्भाच्या पीतककोशात व यकृतात तयार होत असते. जन्मानंतर त्याचे काम संपते आणि ते रक्तातून ओसरते. १९६३ साली मॉस्को येथील गारी आबेलेव यांना, यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात हे गर्भाचे प्रथिन पुन्हा दिसले. पुढे ध्यानात आले की, पीतककोशाच्या धाटणीची घातक अर्बुदेही तेच प्रथिन रक्तात सोडतात. म्हणजे गाठ शरीरात कोठेही लपलेली असो, तिचा माग रक्तात लागतो. येथे एक सावधगिरी मात्र हवी. नवजात बालकाच्या रक्तात हे प्रथिन स्वभावतःच हजारोंच्या घरात असते आणि मोठ्या माणसाच्या पातळीवर यावयास आठ महिने ते वर्ष लागते. म्हणून तान्ह्या बाळाचा आकडा पाहून घाबरून जाऊ नये. वयाच्या कोष्टकाशी तो ताडून पाहणे हे तज्ज्ञाचे काम आहे.

आता उपचार. निरुपद्रवी गाठ शस्त्रक्रियेने संपूर्ण काढली की, बहुधा तेवढ्यावरच काम भागते; पुढे काही वर्षे तपासण्या कराव्या लागतात. माकडहाडापाशी असलेल्या गाठीच्या बाबतीत एक नियम आहे. गाठीबरोबर माकडहाडही काढावयाचे. बोस्टनचे शल्यचिकित्सक रॉबर्ट ग्रॉस व त्यांचे सहकारी यांनी १९५१ साली दाखवून दिले की, ते हाड मागे ठेवल्यास गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका फार वाढतो. हाड काढले म्हणून मूल अपंग होत नाही. ते चालते, धावते, बसते. बीजांडकोशातील गाठीतही, दुसऱ्या बाजूचा निरोगी बीजांडकोश व गर्भाशय सांभाळून शस्त्रक्रिया करतात. मुलीचे पुढे कसे होईल, या भीतीने शस्त्रक्रिया नाकारणाऱ्या आईबापांनी हे लक्षात ठेवावे.

घातक गाठीला औषधांची जोड लागते. त्या औषधाची कथा ऐकण्यासारखी आहे. १९६५ साली अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग हे विजेच्या प्रवाहाचा जंतूंवर काय परिणाम होतो, हे पाहत होते. जंतू विभागेनासे झाले, पण लांबच लांब वाढत गेले. शोध घेता असे कळले की, हा प्रताप विजेचा नसून, प्रवाहासाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या द्रव्याचा आहे. पेशींचे विभाजन थांबवणारे हे द्रव्य म्हणजेच सिसप्लाटिन. १९७४ साली इंडियाना येथील डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी, वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर ते अन्य दोन औषधांबरोबर वापरले आणि मरणाच्या दारातील तरुण बरे होऊ लागले. त्या दोहोंपैकी व्हिन्ब्लास्टिन हे औषध आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळालेले होते. पुढे त्याच्या जागी एटोपोसाइड आले. मुलांना आज सिसप्लाटिन किंवा त्याचेच सौम्य भावंड कार्बोप्लाटिन, त्याबरोबर एटोपोसाइड, आणि बहुधा ब्लिओमायसिन अशी औषधे देतात. एक पाळी दिली की साधारणतः तीन आठवड्यांनी पुढची, अशा चार-सहा पाळ्या होतात. प्लॅटिनमची औषधे येण्यापूर्वी पसरलेल्या घातक गाठीचे बहुतेक बालरुग्ण दगावत. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत अशा दहा मुलांपैकी आठ-नऊ बरी होतात.

मामांच्या नातीची गाठ मोठी होती. म्हणून आधी औषधांनी ती लहान करावयाची व मग शस्त्रक्रिया, असे ठरले. पहिल्या परीक्षेत तिच्या रक्तातील त्या प्रथिनाचा आकडा होता चौसष्ट हजार. दोन पाळ्या झाल्या. बाहेरची गाठ दिसेनाशी झाली, मुलगी खाऊपिऊ लागली, शौचाचा त्रास गेला. डोक्याचे केस तेवढे गेले होते. आणि नेमक्या याच वेळी तिच्या बापाने गावी परत जाण्याचे ठरवले.

त्याला दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. सोयाबीन काढणीला आले होते, दीड महिना त्याची मजुरी बुडाली होती, घरी दुसरे मूल आजीजवळ होते. औषध सरकारी असले तरी गाडीभाडे, जेवणखाण आणि राहण्याचा खर्च कोणी माफ करीत नाही. शिवाय गावाकडून निरोप येत होता की, पोरगी आता बरी आहे, मग कापाकापी कशाला? मामा माझ्याकडे तपासणीचा कागद घेऊन आले. “बाई, जावई ऐकत नाही. तुम्ही सांगून बघा.”

मला वैद्यक सांगता येत नव्हते. हिशेब येत होता. डॉक्टरांनी मला सांगितले होते की, गाठ समूळ गेली तर रक्तातील हे प्रथिन दर पाच ते सात दिवसांनी निम्मे होते. मी फळ्यावर चौसष्ट हजार लिहिले. सहा दिवसांनी बत्तीस हजार, बारा दिवसांनी सोळा हजार, असे करीत बेचाळीस दिवसांची सात अर्धी मुलीच्या बापाकडूनच करवून घेतली. उत्तर आले पाचशे. मग हातातील कागद त्याच्यापुढे धरला. त्यावर आकडा होता दीड हजाराच्या वर. मी म्हटले, “हिशेबाने पाचशे हवेत. वरचे हजार कोठून आले?” तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ती आत आहे अजून.” मी म्हटले, “आहे, आणि माकडहाडही तेथेच आहे.” तो गावी गेला नाही. काढणी त्याच्या भावाने केली. रुग्णालयातील समाजसेविकेने राहण्याची सोय पाहून दिली. आणखी दोन पाळ्या, त्यानंतर माकडहाडासह शस्त्रक्रिया, असे सारे पार पडले. आकडा एकेरीत आला आणि एकेरीतच राहिला.

श्रोतेहो, गाठ दिसेनाशी होणे आणि गाठ जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचार अर्धवट टाकणे हे आपल्या देशात मुले गमावण्याचे एक मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगासाठी एक मोहीम आखली. कर्करोग झालेल्या मुलांपैकी निदान शेकडा साठ तरी २०३० पर्यंत जगभर वाचावीत, हे तिचे उद्दिष्ट आहे. श्रीमंत देशांत आजच शेकडा ऐंशीहून अधिक वाचतात. अनेक गरीब देशांत तीसही वाचत नाहीत. औषधे तर तीच आहेत. अंतर आहे ते ओळखण्याचे, पोचण्याचे आणि टिकून राहण्याचे. आणखी एक गोष्ट सांगावयास जीव कचरतो, पण सांगितली पाहिजे. आपल्याकडील कर्करोग रुग्णालयांच्या नोंदींत मुलग्यांच्या मानाने मुलींची संख्या अपेक्षेपेक्षा कमी आढळते. माकडहाडाची गाठ तर मुलींनाच अधिक होते. ज्या मुली नोंदीत नाहीत, त्या कोठे आहेत, याचा विचार प्रत्येक घराने आपापल्याशी करावा.

खर्चाची चिंता वाटत असेल, तर उपचार सोडण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन विचारावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, तेलंगणात आरोग्यश्री आहे. कोणत्या योजनेखाली, कोणत्या रुग्णालयात उपचार मिळतील, हे तेथे सांगतात. परगावच्या बालरुग्णांना आईबापांसह राहण्यासाठी जागा देणाऱ्या धर्मादाय संस्थाही मुंबई, हैदराबाद अशा शहरांत आहेत. परतीचे तिकीट काढण्याआधी एवढी चौकशी अवश्य करावी.

आता शेवटचे, आणि ते माझ्या व्यवसायातील बांधवांसाठी. ती मुलगी पुढे आईसह मामांकडेच राहावयास आली आणि आमच्याच शाळेत पहिलीत बसली. हुशार मुलगी, पण श्रुतलेखनात ‘साप’ सांगितले की ‘ताप’ लिही, ‘शाळा’ सांगितले की ‘ताळा’ लिही. एक-दोनदा मीही तिला रागावले. मग मला आठवले. सिसप्लाटिनने मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, तसा कानांनाही होतो, आणि प्रथम जातात ते बारीक, उंच स्वर. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे त्याच स्वरांत असतात. मूल बहिरे वाटत नाही. हाक मारली की वळून पाहते. पण अर्धे शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. तिची श्रवणपरीक्षा झाली, कानांना यंत्र मिळाले, आणि मी तिला पहिल्या बाकावर, माझ्या ओठांसमोर बसवले. चूक माझी होती, आणि ती मी तिला सांगितली. ज्या मुलाने असा उपचार घेतला आहे, त्याच्या कानांची परीक्षा वेळोवेळी होते की नाही, हे पालकांनी पाहावे. आणि असे मूल वर्गात आहे, हे शिक्षकांना कळवण्यात कमीपणा मानू नये.

ही गाठ पुन्हा उद्भवायची असल्यास बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उद्भवते. म्हणून त्या काळात रक्ताची परीक्षा ठरल्या दिवशी चुकवू नये. मामांची नात ती वर्षे ओलांडून पुढे गेली आहे. आता श्रुतलेखनात ती ‘साप’ला ‘साप’च लिहिते. मधल्या सुटीत पटांगणावर इतर मुलींबरोबर लंगडी घालते, आणि घंटा देण्याची वेळ झाली की मामांच्या हातातून टोल ओढून घेते. मामा वरवर रागावतात, आणि टोल तिच्याच हातात राहू देतात.